पडदा बंद करून सांगा!

‘प्रेझेंटेशन’ हा शब्द एके काळी मोठ्या कंपन्यांच्या वातानुकूलित खोल्यांपुरता होता. आता तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला आहे. चौथीतल्या मुलाला ‘पाण्याचे महत्त्व’ या विषयावर शाळेत प्रेझेंटेशन द्यायचे असते आणि त्याची आई रात्री अकरा वाजता चित्रे शोधत बसलेली असते. सूनबाईंचे सोमवारी ऑफिसात प्रेझेंटेशन असते, म्हणून रविवारचे साबुदाणा वडे रद्द होतात. सोसायटीच्या सभेत बिल्डरचा माणूस पडदा टांगतो. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर गुंतवणुकीच्या योजना विकणारा तरुण लॅपटॉप उघडतो. एवढेच कशाला, परवा एका लग्नात वधूवरांच्या ‘जीवनप्रवासा’चेही प्रेझेंटेशन झाले आणि पंगत अर्धा तास खोळंबली.

लोकांसमोर उभे राहून आपले म्हणणे मांडणे ही चांगली गोष्ट आहे. ते सर्वांना यावे, मुलींना तर जरूर यावे. माझी तक्रार वेगळी आहे. आपण पडद्यावर काय दाखवायचे ते शिकलो आणि समोरच्या माणसाला काय सांगायचे ते विसरत चाललो. याची किंमत सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला जास्त मोजावी लागते. कधी कधी ती किंमत घराएवढी मोठी असते.

मी बँकेत तीन तपे काढली. त्यातली काही वर्षे प्रशिक्षण केंद्रात गेली. त्या काळी आमच्याकडे ओव्हरहेड प्रोजेक्टर असे. पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदावर, म्हणजे ट्रान्स्परन्सीवर, स्केच पेनने हाताने लिहायचे. अक्षर चुकले तर स्पिरिटचा बोळा लावून पुसायचे. एक कागद तयार करायला वीस मिनिटे लागत. साहजिकच तासाभराच्या व्याख्यानाला कोणी पाच-सहापेक्षा जास्त कागद आणत नसे. काय लिहायचे याचा विचार लिहिण्याच्या कष्टातूनच होई. पॉवरपॉइंट १९८७ साली बाजारात आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. आमच्या बँकेत ते पोचायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. पण पोचल्यावर सहा कागदांच्या साठ स्लाइड व्हायला एक वर्षही लागले नाही. स्लाइड करणे सोपे झाले, म्हणून स्लाइड वाढल्या. सांगण्यासारखे काही वाढले होते असे नाही. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेला विषय सांगितला की चहा होईपर्यंत वीस स्लाइड तयार मिळतात. तयारीतला कष्ट गेला आणि त्या कष्टाबरोबर होणारा विचारही गेला.

माझे एक वरिष्ठ होते. कोकणातले, सडसडीत, बोलायला फटकळ. कोणी कुठे भाषण द्यायला निघाला की ते त्याला एक कोरे पोस्टकार्ड देत. “ऐकून बाहेर पडणाऱ्या माणसाने घरी जाऊन बायकोला काय सांगायचे, ते एका वाक्यात लिहून आणा,” असे म्हणत. वाक्य जमले नाही तर, “मग जाताय कशाला? त्यांचाही दिवस मोडतो, तुमचाही,” हे ठरलेले. भाषणकलेवरची बरीच पुस्तके मी पुढे चाळली. त्या पोस्टकार्डाहून उपयोगी असे त्यांत फारसे काही सापडले नाही.

हे वाक्य नसले की काय होते ते एका शेतकरी मेळाव्यात मी पाहिले आहे. मुख्य कार्यालयातून एक हुशार अधिकारी आले होते. मांडवात तीन-चारशे शेतकरी, मे महिना, वर पत्रा. साहेबांनी पीककर्जाच्या योजनेची उद्दिष्टे, व्याप्ती, पात्रता, वित्तप्रमाण आणि प्राधान्यक्रम असे सगळे क्रमवार सांगितले. पाऊण तास झाला. एकही विधान चुकीचे नव्हते. शेवटी ‘काही शंका?’ असे विचारल्यावर मागच्या रांगेतले एक म्हातारे उठले आणि म्हणाले, “साहेब, समदं झ्याक सांगितलंत. पैसं कवा मिळत्यात आन्‌ कवा भरायचं, तेवढं राहिलं बघा.” मांडवात हशा पिकला. साहेबही हसले. पण म्हाताऱ्याने विनोद केला नव्हता. तारखेच्या आत कर्ज फेडले तर व्याजात सवलत, तारीख चुकली की ती गेली, असा त्या योजनेचा कणा होता. तारीख हीच बातमी होती आणि ती साहेबांच्या कागदांत तिसऱ्या पानावर, कंसात होती.

आपल्याला ही कला परक्यांकडून शिकायची गरज नव्हती. नारदीय कीर्तन ज्यांनी लक्ष देऊन ऐकले असेल त्यांना त्याची बांधणी आठवेल. आधी नमन. मग निरूपणाचा अभंग आणि त्याचा अर्थ, हा पूर्वरंग. मध्ये नामाचा गजर होतो, बुवांना बुक्का लावतात, हार घालतात. तेवढ्यात श्रोते पाय मोकळे करतात. मग उत्तररंगात आख्यान. पूर्वरंगात जो विचार मांडला तोच आख्यानात माणसांच्या रूपाने उभा राहतो आणि शेवटी बुवा पुन्हा मूळ अभंगावर येतात. विचार एक, त्याला दृष्टान्त, मध्ये विसावा, शेवटी पुन्हा तोच विचार. समोर बसलेल्यांत शास्त्री असत, तसेच निरक्षरही असत. मुले पुढे बसत, बायका कडेला, आणि देवळाच्या पायरीवर टेकलेला वाटसरूही असे. या सगळ्यांना दोन तास बसवून ठेवायचे आणि साधन म्हणाल तर झांज, पेटी, तबला. बुवांचे अर्धे लक्ष नेहमी श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर असे. मंडळी पेंगू लागली की पद वर चढे.

व्याख्यानाचीही आपली परंपरा लहान नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. नंतर गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या. फलटणच्या प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांचे व्याख्यान असले की तालुक्याच्या गावी रस्त्यावर सतरंज्या टाकाव्या लागत. हातात कागद नाही, मागे पडदा नाही.

पण कोणी म्हणेल, तत्त्वज्ञान आणि इतिहास सांगायला पडदा लागत नसेल. आकडे सांगायचे तर तक्ते हवेतच. त्यांना मी २६ मार्च १९०२ या दिवसाकडे घेऊन जातो. कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर चर्चा होती. समोर लॉर्ड कर्झन आणि अर्थखात्याचे सर एडवर्ड लॉ. सरकारी तिजोरीत चांगली शिल्लक पडली होती आणि अभिनंदनाचे सूर निघत होते. त्या सभेत पस्तीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले उठले आणि या शिल्लकेबद्दल आपण अभिनंदन करू शकत नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले.

पुढचे भाषण आकड्यांनी भरलेले होते. पण प्रत्येक आकडा एकाच मुद्द्याला खांदा देत होता: तिजोरी भरली म्हणजे रयत सुखी झाली असे नव्हे. रुपयाचा भाव घसरला तेव्हा तूट भरून काढण्यासाठी कर वाढवले. तो भाव सावरल्यावरही कर तसेच ठेवले. आणि हे सारे कोणत्या वर्षांत, तर १८९६ आणि १८९९च्या दुष्काळांनी आणि प्लेगने माणसे मरत होती त्या वर्षांत. मग ही शिल्लक आली कुठून? ऐकणाऱ्याला उत्तर आपोआप सुचत होते. मिठावरचा कर मणाला अडीच रुपये होता. तो पुढच्याच वर्षी, १९०३ साली, दोन रुपये झाला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक. एका भाषणाने हे घडले असे मी म्हणणार नाही. पण गोखले पुन:पुन्हा तीच मागणी त्याच नेटाने मांडत राहिले, हे खरे.

या भाषणामागच्या तयारीत आणखी एका माणसाचा वाटा होता. गणेश व्यंकटेश जोशी. ‘सार्वजनिक काका’ ते दुसरे, गणेश वासुदेव. हे जोशी पेशाने शिक्षक. पण सरकारी अहवालांतले आकडे त्यांना मुखोद्गत असत. रानड्यांच्या तालमीत तयार झालेले गोखले या जोश्यांकडून आकडे समजून घेत, तपासून घेत, त्यांच्याशी पत्रांतून खल करीत. सभागृहात उभे राहिलेल्या माणसाच्या मागे असे अनेक दिवसांचे टिपण असते. ऐकणाऱ्याला ते दिसत नाही. फक्त वक्त्याच्या आवाजातला ठामपणा जाणवतो.

आता याच्या उलट उदाहरण. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेचे कोलंबिया अंतराळयान उडाले. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आतच इंधनाच्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज करून वरिष्ठांपुढे स्लाइडच्या रूपात मांडला. त्यातली एक स्लाइड पुढे जगभर गाजली. येल विद्यापीठातले प्राध्यापक एडवर्ड टफ्टी यांनी तिची चिरफाड केली. वर ठळक मथळा दिलासा देणारा. त्याखाली मुद्दा, पोटमुद्दा, त्याचा पोटमुद्दा अशी उतरंड. ‘लक्षणीय’ या अर्थाचा शब्द एकाच स्लाइडवर पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी अर्थ संदिग्ध. आणि सर्वांत खाली, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट: ज्या चाचण्यांच्या आधारे हा दिलासा दिला जात होता त्या चाचण्यांतला तुकडा ३ घन इंचांचा होता; यानावर आदळलेला अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा.

हे वाक्य कोणी उभे राहून मोठ्याने म्हटले असते तर? “साहेब, आपण लिंबाएवढ्या तुकड्याची चाचणी घेतली आहे. आदळला तो प्रवासी बॅगेएवढा आहे. आपल्याला काहीच माहीत नाही.” तीन वाक्ये. कदाचित तरीही यान वाचले नसते. १ फेब्रुवारीला परतताना ते आकाशात विखुरले आणि कर्नालच्या कल्पना चावलासह सात जण गेले. अपघाताची कारणे अनेक होती. पण चौकशी मंडळाने २००३च्या आपल्या अहवालात, तांत्रिक लेखाच्या जागी स्लाइड वापरण्याच्या सवयीवरही बोट ठेवले. सगळी माहिती पडद्यावर होती. ती कोणाला सांगितली गेली नव्हती, इतकेच.

पडदा खोटे बोलत नाही, पण लपवायला फार सोयीचा असतो, हे बँकेत बसून मी अनेकदा पाहिले. एक साधे उदाहरण देतो. घरातल्या तरुण मंडळींनाही वाचून दाखवा. एक लाख रुपये कर्ज, पाच वर्षे, व्याज ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’. पडद्यावर हे मोठ्या रंगीत अक्षरांत येते. याचा अर्थ, दर वर्षी पूर्ण एक लाखावर बारा हजार व्याज; पाच वर्षांचे साठ हजार; महिन्याचा हप्ता सुमारे २,६६७ रुपये. पण तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडत असता! घटत्या शिलकेवर १२ टक्के धरले तर हप्ता सुमारे २,२२५ होतो आणि एकूण व्याज साधारण साडेतेहतीस हजार. म्हणजे त्या ‘बारा टक्क्यां’चा खरा दर वीस टक्क्यांच्या आसपास जातो. पडद्यावरचा एकही आकडा खोटा नाही. फक्त ‘फ्लॅट’ हा शब्द कोणी समजावून सांगितलेला नाही.

आज महाराष्ट्रातल्या शहरांत ज्या प्रेझेंटेशनवर सर्वांत मोठी जोखीम लागलेली असते, ते असते सोसायटीच्या पुनर्विकासाचे. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत मला मुद्दाम बोलावले होते. चाळीस-पन्नास वर्षांची इमारत, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून चढणारे म्हातारे सभासद. पडद्यावर बावीस मजली मनोरा उभा राहिला. कारंजे, बाग, झोपाळ्यावर हसणारे आजोबा, पार्श्वभूमीला सतार. मग ‘३५ टक्के जास्त जागा’ असे सोनेरी अक्षर. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईंनी, वय ऐंशीच्या पुढचे असावे, हळूच विचारले, “पस्तीस टक्के कशावर हो? आत्ता मी जी लादी पुसते, तिच्यावर का?”

यापेक्षा नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. कार्पेट क्षेत्रावर ३५ टक्के आणि दुसऱ्या कुठल्या तरी क्षेत्रावर ३५ टक्के यांत एक खोली जाते-येते. मी त्यांना म्हटले, “आजी, हाच प्रश्न उभ्या राहून विचारा.” त्यांनी विचारला. पडदेवाला तरुण मागच्या स्लाइडवर गेला, पुढच्या स्लाइडवर गेला, मग ‘ते आम्ही नंतर कळवतो’ म्हणाला. त्यानंतर इतरांनाही कंठ फुटला. भाडे किती महिने देणार, आणि काम लांबले तर? बँक गॅरंटी किती रकमेची? तिची मुदत कधी संपते? हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत. पण गॅरंटीची मुदत आणि दावा करण्याचा काळ उलटला की तो नुसता कागद उरतो, हे मी बँकेतल्या अनुभवावरून सांगतो. त्या सभेत निर्णय झाला नाही. सर्व उत्तरे लेखी मागवावीत असे ठरले. मला वाटते, ती सभा कोणत्याही यशस्वी प्रेझेंटेशनपेक्षा यशस्वी झाली.

तेव्हा बोलणाऱ्याने काय करावे? माझ्या अनुभवातले चार शब्द सांगतो. पोस्टकार्डावरचे एक वाक्य आधी. ते जमल्याशिवाय संगणक उघडू नये. मग समोर कोण बसणार आहे, त्यांना आधीपासून काय माहीत आहे आणि त्यांना कशाची काळजी आहे, हे चौकशी करून समजून घ्यावे. काळजीचा मुद्दा पहिल्या पाच मिनिटांत घ्यावा. तो शेवटी ठेवला तर माणसे तोवर दुसरे काही ऐकतच नाहीत. आकडे थोडे घ्यावेत आणि प्रत्येक आकडा घरच्या मापात आणावा: हप्त्यात, किलोत, खोलीच्या लांबीत. संपूर्ण भाषण एकदा मोठ्याने, घड्याळ लावून, घरातल्या कोणासमोर तरी म्हणावे. मनात म्हटलेले भाषण नेहमी छोटे आणि सुंदर असते. अर्धा तास दिला असेल तर वीस मिनिटांत संपवावे आणि दहा मिनिटे प्रश्नांना ठेवावीत. सभागृहात लवकर जाऊन माइक पाहावा, शेवटच्या रांगेत बसून पडद्यावरचे अक्षर दिसते का ते पाहावे. आणि पडद्यावर लिहिलेलेच वाचून दाखवू नये. श्रोत्यांना वाचता येते.

पडद्याशी माझे वैर नाही. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवावा, भूगोलाच्या बाईंनी नकाशा दाखवावा, दहा वर्षांच्या पावसाचा आलेख जरूर दाखवावा. जे शब्दांत सांगता येत नाही त्यासाठी पडदा आहे. माझा पुतण्या एका मोठ्या कंपनीत आहे. तो म्हणतो, “काका, तुमचं सगळं खरं, पण चाळीस स्लाइड नसल्या तर काम केलंच नाही असं वरच्यांना वाटतं.” त्याची अडचण खोटी नाही. जाडजूड फाइल म्हणजे मेहनत, असे आम्हीही मानत होतो. ही सवय वरच्यांनीच मोडायची असते. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याने ‘दोन पानांत लिहून दे आणि पाच मिनिटांत सांग’ असे म्हटले की खालच्याला विचार करावाच लागतो.

शाळांपासूनही सुरुवात करता येईल. वक्तृत्व स्पर्धेत आई-वडिलांनी लिहून दिलेले भाषण मुले हातवाऱ्यांसह घडाघडा म्हणतात. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथपासून ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’पर्यंत एक श्वास. आता त्याच मुलांना स्लाइड करून आणायला सांगतात आणि त्याही आई-बाबाच करतात. त्याऐवजी मुलाला सांगावे: तुला नीट माहीत असलेली एक गोष्ट, सायकलची साखळी कशी बसवायची, आजी लोणचे कसे घालते, वर्गाला पाच मिनिटांत सांग, आणि नंतर वर्गाने तीन प्रश्न विचारावेत. मार्क भाषणाला थोडे आणि उत्तरांना जास्त द्यावेत. पाठ केलेले पहिल्या प्रश्नाला उघडे पडते, समजलेले टिकते. आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलांनाही मार्क द्यावेत. उद्या सोसायटीच्या सभेत, बँकेत, दवाखान्यात याच मुलांना ऐकायला बसायचे आहे.

कारण शेवटी सुधारणा ऐकणाऱ्यांनीच घडवायची आहे. आपण मुकाट्याने बसतो, टाळ्या वाजवतो, चहा-सामोसा घेऊन घरी येतो आणि मग जिन्यात एकमेकांना विचारतो, “काय म्हणत होता हो तो?” हा प्रश्न जिन्यात विचारून उपयोग नाही, सभागृहात विचारला पाहिजे. यापुढे कोणी तुमच्या पैशाबद्दल, घराबद्दल किंवा मुलाच्या शिक्षणाबद्दल पडदा लावून बोलू लागला तर पंधरा मिनिटे ऐकून घ्या. मग हात वर करून नम्रपणे म्हणा, “जरा हा पडदा बंद करा, दिवे लावा, आणि आम्हाला नेमकं काय करायला सांगताय ते पाच मिनिटांत सांगा.” ज्याला आपला विषय कळला आहे तो आनंदाने सांगेल. ज्याला सांगता येणार नाही, त्याच्या कागदावर निदान त्या दिवशी तरी सही करू नका.